तीन आडव्या रेघा

वेबसाइटची पानं घडवणाऱ्या जेकिल या सॉफ्टवेअरसाठी लिहिलेल्या कुठल्याही लेखाची फाइल उघडा. वर तीन आखूड आडव्या रेघा, त्यांच्याखाली शीर्षक, मांडणीचं नाव, वर्गवारी असा जुजबी तपशील, की पुन्हा तशाच तीन रेघा. मग थेट मजकूर, मार्कडाउन नावाच्या साध्या खुणांच्या लिपीत. जुन्या पत्राला मायना असायचा, तसाच हा. मात्र खरी करामत तपशिलाची नाही, रेघांची आहे. त्यांच्यामध्ये काहीही लिहिलं नाही तरी चालतं! रेघा दिसल्या की जेकिल ती फाइल कामाला घेतं, तिच्यातल्या खुणा सोडवतं. रेघा नसल्या तर चित्र असो की पीडीएफ, आहे तशी उचलून तयार साइटमध्ये ठेवतं. ‘मला हात लाव’ आणि ‘मला हात लावू नकोस’ यांतला सगळा फरक सहा टिचभर रेघांवर तोललेला. इतक्या कमी शाईत इतकं सांगणारी खूण मला दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये चटकन आठवत नाही.

गिटहबच्या संस्थापकांपैकी एक, टॉम प्रेस्टन-वर्नर, याने २००८ साली रुबी भाषेत जेकिल लिहिलं. पानं आधीच घडवून ठेवायची ही कल्पना त्याची नव्हे. २००१च्या मूव्हेबल टाइपमध्येही ती होती. वर्डप्रेस वाचक आल्यावर डेटाबेसमधून मजकूर काढून पान जुळवतं. जेकिल सगळी पानं अगोदरच तयार ठेवतं, सर्व्हरने फक्त फाइल उचलून द्यायची. वेग, सुरक्षितता वगैरे फायदे सगळेच सांगतात. मला रस आहे तो त्याच्या लिपीत.

फोल्डरांची नावंच पाहा. लेखांचं ‘पोस्ट्स’, मसुद्यांचं ‘ड्राफ्ट्स’, मांडणीचं ‘लेआउट्स’, आणि प्रत्येकाच्या आधी एक अंडरस्कोर. ही खूण असलेलं फोल्डर जसंच्या तसं साइटवर जात नाही, ते पडद्यामागचं. लेखाच्या फाइलच्या नावात आधी वर्ष, महिना, दिवस, मग शीर्षक. मसुद्याच्या नावात तारीख लागत नाही. किती नेमका भेद आहे हा! लिहून झालं की नाही, हे कुठल्या बटणावर ठरत नाही. फाइलला तारीख देऊन तिला शेजारच्या फोल्डरमध्ये हलवलं की ठरतं. तारीख उद्याची घातली तर एरवी जेकिल त्या लेखाचं पान करत नाही. आणि उद्या उजाडला म्हणून ते आपसूक अवतरतही नाही, कुणाला तरी पुन्हा बिल्ड, म्हणजे पानं घडवण्याचं काम, चालवावं लागतं. आधीच घडवलेल्या पानांची ‘स्थिर’ साइट किती स्थिर असते, ते इथे कळतं.

मांडणीच्या फाइलीतही हेच व्याकरण. लेखाची मांडणी आपल्या डोक्यावर त्याच रेघा मिरवते आणि त्यांच्या आत सांगते, की मी अमुक मोठ्या मांडणीत बसते. मजकूर लेखाच्या चौकटीत, ती चौकट साइटच्या चौकटीत. त्यासाठी नवा नियम शिकावा लागत नाही.

सगळंच असं देखणं नाही. मांडणीतल्या खुणांची भाषा लिक्विड. शॉपिफायच्या टोबियास ल्युट्केने ती दुकानांच्या पानांसाठी केली. परक्याने लिहिलेला साचाही बिनधास्त चालवता यावा म्हणून तिचे हात मुद्दाम बांधलेले आहेत. कारण पटतं, पण दोनात तीन मिळवायला अधिकचं चिन्ह चालू नये, पाइप टाकून ‘प्लस’ लिहावं लागावं, हे काही रसिकतेचं लक्षण नव्हे. रेघांमधला तपशील ज्या यॅमल भाषेत लिहितात, तीही सोवळी. ‘आठवणी: भाग पहिला’ असं मराठी मासिकाला शोभणारं शीर्षक अवतरणचिन्हांशिवाय लिहिलंत, तर त्या विसर्गासारख्या चिन्हावर गाडी अडते. फाइलचं नाव देवनागरीत ठेवता येतं, पण त्यावरून बनलेला पत्ता कॉपी केलात, की बहुधा प्रत्येक अक्षराच्या नि मात्रेच्या जागी टक्केचिन्हांसकट नऊ-नऊ चिन्हांची माळ हाती येते. म्हणून फाइलचं नाव रोमन आणि शीर्षक देवनागरी, अशी तडजोड बरी पडते. हजारो लेख झाले की बिल्ड रेंगाळतं. गो भाषेत लिहिलेलं ह्यूगो हे याच जातीचं सॉफ्टवेअर २०१३मध्ये आलं आणि वेगात पुढे गेलं. जातिवंत घाईवाल्यांनी तिकडे खुशाल जावं.

राहिलं ते ‘साइट’ नावाचं फोल्डर, अर्थात अंडरस्कोरसकट. घडवलेली सगळी पानं इथे येऊन पडतात, वाचकाला दिसतात ती हीच. आणि जेकिल सर्वांत बेफिकीर आहे ते यांच्याबाबतीत. प्रत्येक बिल्डला ते हे फोल्डर साफ करून पुन्हा भरतं. तुम्ही आत शिरून एखादी चूक हाताने दुरुस्त केली असेल तर ती दुरुस्तीही जाते. फाइलींच्या आवृत्त्या जपणाऱ्या गिटमध्ये हे फोल्डर ठेवायचं नाही, असाच प्रघात आहे. नटूनथटून जगासमोर जाणारं पान केव्हाही फेकण्याजोगं, आणि नोटपॅडमध्येही वाचता येणारी ती साधी फाइल मात्र जपून ठेवायची.