आगबोटींची पोस्टरे: समुद्र कोणाचा, नाव कोणाचे?

प्रवासी आगबोटींच्या जाहिरातींचा विषय निघाला की कासांद्र यांचे १९३५ मधील ‘नॉर्मंडी’ हे पोस्टर दाखवले जाते, आणि ते योग्यच आहे. चित्रकाराने नजर पाण्याच्या पातळीवर आणून ठेवली आहे. जहाजाची नाळ, म्हणजे पुढचा निमुळता भाग, बरोबर मध्यभागी आपल्यावर चाल करून येते. खाली काही पांढरे पक्षी आहेत. त्यांच्या चिमुकल्या आकारामुळेच जहाजाची उंची डोळ्यांत भरते. पक्षी बोटाने झाकून पाहा, म्हणजे कळेल.

या चित्रात माणूस नाही. रचनेला त्याची गरज नाही, त्यामुळे कलेच्या दृष्टीने हा दोष मानता येत नाही. हीच नजर मुंबईच्या मार्गावर आणली की मात्र प्रश्न उभा राहतो.

पी. अँड ओ. कंपनीने १९२५ मध्ये या मार्गासाठी चार जहाजे बांधून घेतली: रांची, रणपुरा, रावळपिंडी आणि राजपुताना. तुमच्यापैकी कोणी जयपूरच्या सीतापुऱ्यात शिकत असेल तर त्याने खिडकीबाहेर पाहावे. राजपुतान्यात समुद्र कुठे आहे? नाव घेतले ते थाटासाठी, पूर्वेकडच्या पोस्टरांवर घुमट आणि ताडाची झाडे येतात तसेच. (ऑगस्ट १९३१ मध्ये गांधीजी गोलमेज परिषदेला निघाले ते याच ‘राजपुताना’वरून.)

ज्यांचे समुद्राशी खरे नाते होते ते या बोटींवरच होते. डेकवर सारंग आणि तांडेल यांच्या हाताखाली रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान खलाशी, भोजनगृहात आणि स्वयंपाकघरात गोव्याचे ख्रिस्ती. पगार ब्रिटिश खलाशांपेक्षा कितीतरी कमी. दोन बोटींच्या मधल्या काळात गोवेकर धोबीतलावच्या कुडींत, म्हणजे आपापल्या गावाच्या नावाने चालणाऱ्या सामायिक बिऱ्हाडांत, राहून पुढच्या कामाची वाट पाहत.

पोस्टरात असा माणूस आलाच तर बहुतेकदा कडेला, रंगाचा एक ठिपका म्हणून. ‘नॉर्मंडी’तील पक्ष्यांचे काम येथे तो करतो: दुसऱ्याचे मोठेपण मोजून दाखवण्याचे. माझ्या मते अशा सजावटीपेक्षा कासांद्र यांचे निर्मनुष्य चित्र अधिक प्रामाणिक आहे. ते यंत्राचे कौतुक करते आणि तसे उघड सांगते.

स्वाध्याय: पूर्वेकडच्या मार्गाचे कोणतेही एक पोस्टर निवडा. जहाजाचा आकार कळावा म्हणून त्यात काय ठेवले आहे ते आधी शोधा, मग ती जागा रिकामी कल्पून चित्राचे वर्णन पुन्हा लिहा.