मुलाची साक्ष आणि दुभाष्याचे कोश : कुरुमा यांच्या कादंबरीचा एक भाषिक विचार

युद्धग्रस्त देशांतील मुलांविषयीचे लेखन गेल्या पंचवीस-तीस वर्षांत विपुल झाले आहे. त्याची जी समीक्षा आपल्याकडे क्वचित वाचावयास मिळते ती बहुधा करुणेच्या अंगाने जाते. मुलाने काय भोगले याचा गोषवारा दिला, युद्धाचा निषेध केला, की समीक्षकाचे काम संपले असे मानण्याचा प्रघात पडला आहे. परंतु साहित्याच्या अभ्यासकाने, आणि विशेषतः भाषेच्या अभ्यासकाने, एक प्रश्न आधी विचारला पाहिजे. हे मूल बोलते ते कोणाच्या शब्दांत? छावणीतला स्वयंसेवक, निवेदन टिपून घेणारी कार्यकर्ती, दुभाषा, वकील, प्रकाशक अशी माणसांची एक ओळच मुलाच्या आणि आपल्या मध्ये उभी असते. मुलाचा शब्द तिच्यातून पार होताना बदलतो. तो कसा बदलतो हे अहमदू कुरुमा यांच्या ‘अल्ला बांधील नाही’ (मूळ फ्रेंच, २०००) या कादंबरीइतके स्पष्टपणे प्रस्तुत लेखकाच्या वाचनातील दुसऱ्या कोणत्याही ग्रंथाने दाखविलेले नाही.

कुरुमा यांचा जन्म आयव्हरी कोस्टमधील बुंदियाली येथे १९२७ मध्ये झाला आणि मृत्यू २००३ मध्ये फ्रान्समधील लियाँ येथे. त्यांची पहिली कादंबरी १९६८ मध्ये प्रसिद्ध झाली. फ्रेंच वाक्यरचनेला मालिंके भाषेचे वळण देण्याचा प्रयोग त्यांनी तेथेच आरंभिला होता. प्रस्तुत कादंबरी त्यांनी जिबूतीच्या मुलांना अर्पण केली असून, त्या मुलांनी गळ घातली म्हणून आपण ती लिहिली असे अर्पणपत्रिकेतच नमूद केले आहे. तिला २००० सालचा रनोदो पुरस्कार मिळाला.

कथानायक बिराहिमा दहा-बारा वर्षांचा, प्राथमिक शाळाही पुरी न केलेला मालिंके मुलगा. आईच्या मृत्यूनंतर मावशीच्या शोधात तो याकुबा नावाच्या मांत्रिकाबरोबर लायबेरियाला निघतो, वाटेत एका टोळीच्या हाती सापडतो आणि हातात बंदूक घेतो. लायबेरियातील यादवी १९८९ च्या अखेरीस सुरू झाली आणि सिएरा लिओनमधील १९९१ मध्ये. या दोन्ही देशांतून, एका टोळीकडून दुसरीकडे, असा त्याचा प्रवास होतो. कथानक एवढेच आहे. खरे नाट्य आहे ते त्याच्या जवळच्या चार शब्दकोशांत.

हे कोश म्हणजे लारूस, पती रोबेर, आफ्रिकेतील फ्रेंचच्या शब्दविशेषांची एक सूची आणि हॅरप्स. पहिले दोन आफ्रिकी वाचकाला फ्रान्सची फ्रेंच समजावी म्हणून, तिसरा फ्रान्सच्या वाचकाला आफ्रिकी शब्द समजावेत म्हणून, आणि चौथा पिजिनसाठी. दर दोन-चार वाक्यांनी बिराहिमा थांबतो, कंस उघडतो, शब्दाचा अर्थ सांगतो आणि पुढे जातो. हे कोश त्याला मिळाले ते संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित-विभागासाठी लायबेरियात काम करणाऱ्या वारासुबा दियाबाते या मृत दुभाष्याच्या वारशातून. मान्दे प्रदेशात दियाबाते हे आडनाव परंपरेने ग्रियो कुळांचे, म्हणजे राजवंशांच्या गाथा मुखोद्गत ठेवणाऱ्या आणि दोन पक्षांमध्ये बोलणी करणाऱ्या जातीचे. आपल्याकडील भाटाशी त्याचे नाते सहज जुळेल. तेव्हा मुलाच्या हाती आलेली भाषेची साधने मुळात मदतकार्याची आहेत, आणि त्यांचा धनी परंपरेने दुसऱ्याचा शब्द वाहणारा. या तपशिलाकडे टीकाकार केवळ कथानकाची सोय म्हणून पाहतात. आमच्या मते कादंबरीची किल्ली येथे आहे. एरवी दुभाषा मुलाचे बोलणे साहेबाला सांगतो. येथे दुभाषा मेला आहे, आणि मूल त्याचे कोश घेऊन स्वतःच स्वतःचे दुभाषेपण करीत आहे.

कंसांचे कार्य मात्र एकसारखे नाही. काही कंस सरळ आहेत. काही ठिकाणी साध्या शब्दाचा अर्थ देऊन वाचकाच्या अज्ञानाची थट्टा केली आहे. आणि काही ठिकाणी कोशाची गंभीर मुद्रा कायम ठेवून अर्थ मात्र अनुभवातून भरला आहे. ‘मानवतावादी हस्तक्षेप’ या राजनैतिक शब्दप्रयोगाची बिराहिमाने केलेली व्याख्या या तिसऱ्या प्रकारची. कोशाच्या घाटात तो निरपराधांच्या हत्येचा अर्थ बसवितो. येथे व्याख्या हेच साक्षीचे रूप होते. मधूनमधून तो मालिंकेत शिव्या घालतो, त्यांचाही अर्थ सांगतो आणि तरीही त्या तशाच वापरतो. शिवी भाषांतरित झाल्यावर बोथट होते हे त्याला पक्के ठाऊक आहे.

दुसरे लक्षणीय अंग मृत्युलेखांचे. सोबतचा एखादा मुलगा किंवा मुलगी मेली की बिराहिमा त्या मुलाचे चरित्र सांगतो. घर कोणते, शाळा कशी सुटली, टोळीत कसा आला. पण हे सर्वांच्या वाट्याला येत नाही. काहींविषयी तो स्पष्टपणे नकार देतो. आपण बांधील नाही, असे सांगून तो कथा पुढे नेतो. शीर्षकातील ‘बांधील नाही’ हे पद अशा प्रकारे ईश्वराकडून निवेदकाकडे सरकते. न सांगण्याचा हा अधिकार सामान्यतः बळी ठरलेल्या मुलाला कोणी देत नाही. निवेदन घेणाऱ्याला पूर्ण हकीकत हवी असते.

इश्मेल बीआह यांच्या २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनाशी तुलना केली म्हणजे हा भेद अधिक उघड होतो. सिएरा लिओनच्या युद्धात लढलेले बीआह फ्रीटाउनच्या पुनर्वसनकेंद्रात सावरले, १९९८ मध्ये अमेरिकेस गेले आणि तेथे शिकले. त्यांच्या पुस्तकातील पुनर्वसनाचा भाग अतिशय हृद्य आहे. दोष तुमचा नाही, हे केंद्रातील माणसे मुलांना पुन्हा पुन्हा सांगत राहतात आणि मुलांना त्याची आरंभी चीड येते. हळूहळू तो शब्द अंगवळणी पडतो. परंतु त्याच वेळी निवेदनाची भाषाही बरी करणाऱ्यांची भाषा होते. ती संथ, सुघड आणि सभेत वाचून दाखविण्याजोगी आहे. पुढे २००८ मध्ये काही पत्रकारांनी पुस्तकातील कालक्रमावर आक्षेप घेतले; बीआह आपल्या कथनावर ठाम राहिले. त्या वादात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. एवढेच म्हणावयाचे की, तारखांचा हिशेब मागितला जावा अशा प्रकारची ती भाषा आहे. बिराहिमाच्या भाषेकडे असा हिशेब मागण्यास कोणी धजणार नाही. अर्थात एक कादंबरी आणि एक आत्मकथन यांची तुलना मर्यादेतच केली पाहिजे.

हा प्रश्न केवळ साहित्याचा नाही, हे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयातील पहिल्याच खटल्याने दाखवून दिले. काँगोतील इतुरी प्रांतात २००२-०३ मध्ये पंधरा वर्षांखालील मुलांना सैन्यात भरती केल्याबद्दल थॉमस लुबांगा यांच्यावरील सुनावणी जानेवारी २००९ मध्ये हेगला सुरू झाली. पहिल्याच साक्षीदाराने आपली साक्ष फिरविली. आपणास एका मदतसंस्थेने काय सांगावयाचे ते शिकविले होते असे तो म्हणाला. पुढे तो पुन्हा साक्षीस आला, पण संशयाचे बीज पडले ते पडलेच. सरकारपक्षाने इतुरीतील साक्षीदार मध्यस्थांच्या मार्फत मिळविले होते, आणि त्यांत मदतकार्यातील स्थानिक कार्यकर्ते होते. एका मध्यस्थाची ओळख उघड करण्याच्या वादात २०१० मध्ये खटलाच काही काळ थांबला. १४ मार्च २०१२ रोजी लुबांगा दोषी ठरले आणि जुलैमध्ये त्यांना चौदा वर्षांची शिक्षा झाली. तथापि ती मुख्यतः इतर साक्षीदारांच्या आणि चित्रफितींच्या आधारावर. तपासाचे काम मध्यस्थांवर सोपवावयास नको होते असा ठपका न्यायालयाने सरकारपक्षावर ठेवला, आणि माजी बालसैनिक म्हणून उभ्या केलेल्या बहुतेकांच्या साक्षी विश्वासार्ह मानल्या नाहीत. ज्यांच्या नावाने खटला चालला त्यांचाच शब्द निकालातून जवळजवळ गळून पडला.

मराठीत ‘पढवलेला साक्षीदार’ असा एक मार्मिक शब्दप्रयोग आहे. पढविणारा नेहमी खोटाच असतो असे मात्र नव्हे. स्वयंसेवकाचे रोजचे कामच मुलाला बोलते करण्याचे. गाव कोणते, टोळीचे नाव काय, वय किती, हे विचारताना तो रिकाम्या जागा सुचवितो. मुलाने मान हलविली की ती भरली जाते. मायेने केलेली ही मदत छावणीत औषधासारखी असते आणि न्यायालयात विषासारखी ठरते. त्यातून इतुरीचे मूल स्वाहिलीत बोलणार, न्यायालय फ्रेंच आणि इंग्रजीत ऐकणार. ‘तू सैनिक होतास का?’ या प्रश्नातील ‘सैनिक’ हा शब्द तिन्ही भाषांत एकच व्याप्ती घेऊन उतरतो असे गृहीत धरण्यास कोणताही भाषाशास्त्रीय आधार नाही.

सिएरा लिओनमध्ये या शब्दाच्या व्याप्तीची किंमत मुलींनी मोजली. १९९८ ते २००२ या काळात तेथे सुमारे ६,८०० मुले निःशस्त्र करून सोडविण्यात आली. त्यांत मुली फारच थोड्या होत्या. सैनिक म्हणजे शस्त्र बाळगणारा, ही समजूत नोंदणीच्या रांगेत प्रभावी ठरली. आणि ज्या मुली स्वयंपाक, ओझी वाहणे, किंवा सेनानायकाची ‘बायको’ म्हणून राहणे यांत अडकल्या होत्या, त्यांच्या हाती दाखविण्यास शस्त्र नव्हते. वस्तुतः १९९७ च्या केपटाउन तत्त्वांनी बालसैनिकाच्या व्याख्येत स्वयंपाकी, हमाल, निरोपे यांचा समावेश केलेला होता. व्याख्या रुंदावली, पण नाव जुनेच राहिले, आणि रांगेत उभ्या असलेल्या अधिकाऱ्याने नाव वाचले. २००७ च्या पॅरिस तत्त्वांनी शेवटी नावच बदलून ‘सशस्त्र दलांशी किंवा गटांशी संबंधित मुले’ असे लांबट पद योजले. ते कानाला रुक्ष लागते खरे, पण त्याचा रुक्षपणा सार्थ आहे.

आपल्या कायद्यानेही असाच प्रवास केला आहे. १९८६ च्या कायद्यातील ‘अपचारी’ बालकाची जागा २००० पासून ‘कायद्याशी संघर्षात आलेले’ बालक या कल्पनेने घेतली, आणि मराठीत ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ हा शब्द रूढ झाला. हेतू स्तुत्य आहे. परंतु ‘ग्रस्त’ हा प्रत्ययसदृश घटक आपण पूरग्रस्त, रोगग्रस्त, दुष्काळग्रस्त असा आपत्तीला जोडतो. येथे तो कायद्यालाच जोडला गेल्यामुळे विधी हीच आपत्ती आहे असा अर्थ नकळत निघतो. बिराहिमाला हा शब्द मिळता तर त्याने कंस उघडलाच असता. २०१५ च्या कायद्याच्या ८३ व्या कलमाने सशस्त्र गटांनी मुलांना वापरणे हा गुन्हा ठरविला आहे. गडचिरोलीतील माडिया बोलणाऱ्या एखाद्या मुलाचे निवेदन या कलमाखाली मराठीत उतरवून घ्यावे लागले, तर मध्यस्थाचा प्रश्न हेगइतकाच येथेही उभा राहील.

कादंबरीचे दोष सांगितले पाहिजेत. सिएरा लिओनच्या भागात कुरुमा यांना इतिहास सांगण्याचा मोह आवरलेला नाही. सत्तापालट, तह, बैठका यांची पानेच्या पाने येतात. सालांची यादी बिराहिमाच्या तोंडी शोभत नाही, आणि कंस अधूनमधून पेरले तरी बोलणारा मुलगा नसून वृत्तपत्रे वाचणारा प्रौढ लेखक आहे हे लपत नाही. मुलींची चित्रेही, एखाद-दोन मृत्युलेख वगळता, निवेदकाच्या कुतूहलापुरती राहतात. शेवट मात्र नेमका साधला आहे. प्रवासात भेटलेला डॉक्टर नातेवाईक बिराहिमाला सर्व सांगण्यास सुचवितो, कोश हाताशी असतात, आणि जेथे कथा संपते तेथूनच तिचे निवेदन सुरू होते. डॉक्टर विचारतो, पण उत्तरे सुचवीत नाही.

मराठी अनुवाद कोणी हाती घेतला तर त्याने कंस काढू नयेत, तळटिपांत तर मुळीच टाकू नयेत. अडचण कोशांची येईल. मराठी बिराहिमाच्या हाती मोल्सवर्थ देता येईल, दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश देता येईल. पण साहेबाला त्याची बोली समजावी म्हणून जो तिसरा कोश लागतो, तो मराठीच्या कित्येक बोलींसाठी अद्याप तयारच झालेला नाही.