मोश उत्तम, पण अर्धंच

लॅपटॉप मिटून तुम्ही घरी निघता आणि सर्व्हरवरचा कोडिंग असिस्टंट अर्ध्या कामात मरतो. असं का होतं? एसएसएचची जोडणी तुटली की टर्मिनल बंद होतं, आतल्या प्रोग्रॅमला 'हँगअप' सिग्नल जातो आणि खेळ खल्लास.

यावर २०१२ साली एमआयटीच्या कीथ विन्स्टीन आणि हरी बालकृष्णन यांनी 'मोश'चा पेपर मांडला. कल्पना झकास आहे: सगळा मजकूर पाठवत बसायचं नाही, पडद्याची फक्त ताजी स्थिती जुळवायची. नेटवर्क बदललं तरी सत्र टिकतं.

माझा आक्षेप नेमका इथेच आहे. असिस्टंट पानंच्या पानं ओततो आणि वर सरकून गेलेलं मोश जपत नाही. कुठली फाइल का बदलली, ते तर तिथेच असतं ना! शिवाय लॅपटॉप रीस्टार्ट झाला तर त्याच सत्रात परतता येत नाही.

म्हणून मोशच्या आत टीमक्स चालवा. तो प्रोग्रॅम आणि मागचा मजकूर, दोन्ही सर्व्हरवरच धरून ठेवतो. आणि सर्व्हरच रीबूट झाला तर? क्लॉड कोडचं 'रिझ्यूम' संवाद परत आणतं, अर्धवट राहिलेली कमांड नाही. ती कुठवर पोचली होती, हे तुम्हीच तपासायचं.