रहस्यकथामालेतील दुबळ्या कृती : प्रतवारीचा प्रश्न

जेम्स बाँडच्या अधिकृत मालिकेत १९६२ ते २०२१ या काळात २५ चित्रपट आले. म्हणूनच त्यांतील दुबळा कोणता, हा वाद रसिकांना घालता येतो. 'डाय अनदर डे'मधील (२००२) अदृश्य मोटार अनेकांना खटकली. 'कॅसिनो रोयाल'ने (२००६) नायकाला पुन्हा जखमी होऊ दिले. बाबूराव अर्नाळकरांबाबत (१९०६-१९९६) असा वाद फारसा झालाच नाही. हजारांहून अधिक रहस्यकथांतून वाचकांनी झुंजार, काळापहाड लक्षात ठेवले. फसलेली पुस्तके विसरली. समीक्षेने मात्र सारे लेखन सरसकट 'रंजनपर' ठरवून निवडीचे कष्टच टाळले. वस्तुतः गुप्तहेर धनंजयाची कथा तर्कावर, तर झुंजारची साहसावर उभी असते. दोहोंतील दुबळेपणाचे निकष वेगळे ठरवावे लागतील.