बहिरा मठवासी : एक कथा, दोन रूपे

ख्वाजा शमसुद्दीन गाझी यांच्या दर्ग्यामुळे धाराशिवच्या ख्रिस्ती कुटुंबांना उरूस, संदल हे शब्द परके नाहीत. तरीही शेजाऱ्यांच्या धर्माचा विषय निघाला की ‘त्यांच्या पैगंबरांना आपल्याच एका मठवाशाने शिकवले’ असे वाक्य आपल्यापैकी काहींच्या तोंडी अभिमानाने येते. हे वाक्य ज्या कथेतून आले, ती वाङ्मय म्हणून तपासण्याजोगी आहे.

मूळ कथा मुसलमानांची. आठव्या शतकातील इब्न इसहाक यांच्या पैगंबरचरित्रात ती येते. मक्केचा व्यापारी तांडा सीरियातील बुसरा येथे उतरतो. तेथील बहिरा नावाचा मठवासी एरवी तांड्यांशी बोलतही नसे. त्या दिवशी मात्र तांड्यातील एकावर ढगाने सावली धरलेली त्याला दिसते आणि तो सर्वांना जेवायला बोलावतो. मोठी माणसे येतात. लहान म्हणून मुहंमदांना सामानापाशी ठेवलेले असते. बहिरा प्रत्येकाला न्याहाळतो आणि कोणी मागे राहू नये, असे बजावतो. बायबल वाचणाऱ्याला येथे इशायचे घर आठवल्याशिवाय राहत नाही (१ शमुवेल १६). तेथेही सात मुलगे पाहून झाल्यावर शमुवेलाला विचारावे लागते आणि दावीद मेंढरांपाशी असतो. माझ्या मते कथेचे खरे सौंदर्य ढगापेक्षा या विचारपुशीत आहे. पुढे बहिरा चुलते अबू तालिब यांना मुलाला जपायला सांगतो. शिकवत मात्र काहीच नाही.

दमास्कसचे संत योहान यांनी एका एरियसपंथी मठवाशाचा ओझरता उल्लेख केला होता. नवव्या शतकाच्या सुमारास सिरियाक व अरबी भाषांतील ख्रिस्ती लेखकांनी बहिराला सर्जियस हे नाव जोडून गुरूच करून टाकले. हे लेखक मुसलमानी अमलाखाली राहत होते; आपल्या समाजाचा धीर टिकवण्याची त्यांची गरज समजू शकते. पण कथेचे काय झाले पाहा. शेजाऱ्यांच्या कथेत आपला मठवासी पोथी जपणारा, पंगत मांडणारा, सरळ मनाचा. आपल्या कथेत तो स्वकीयांनी हाकललेला आणि अखेर आपल्या कृत्याबद्दल पस्तावणारा. आणि अभिमान बाळगायचा तो या दुसऱ्याचा!

इतिहास म्हणून दोन्ही रूपे कच्ची आहेत. तिर्मिझींच्या हदीससंग्रहातील आवृत्तीत अबू बक्र बिलालला मुहंमदांसोबत परत पाठवतात. अबू बक्र तेव्हा पोरवयाचे होते, बिलाल जन्मलेही नव्हते, असा आक्षेप चौदाव्या शतकातील मुसलमान विद्वान इमाम जहबी यांनीच घेतला. तोच परखडपणा सर्जियसकथेलाही लावायला हवा.

पैठणच्या एकनाथांचा ‘हिंदू-तुर्क संवाद’ या कथेशेजारी ठेवून वाचावा. तेथे दोघेही एकमेकांना झोंबणारे बोलतात, दोघांनाही उत्तर देता येते, म्हणून शेवटी त्यांचे एक होणे पटते. सर्जियसकथेत समोरचा केवळ शिकण्यापुरते तोंड उघडतो.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली ख्रिस्तसभा मुसलमानांकडे आदराने पाहते, असे जाहीर केले. धर्मशिक्षणाच्या वर्गात बहिराची कथा सांगायचीच असेल, तर आधी बुसरा येथील पंगतीची सांगावी. सर्जियसची नंतर, ती कोणी आणि कोणत्या अडचणीत लिहिली तेही सांगून.