रांगेची पाठ : ‘घाशीराम कोतवाल’मधील पाळत

१६ डिसेंबर १९७२ रोजी विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ पुण्यात रंगमंचावर आले. तेव्हापासून त्यावरील चर्चा दोन गटांत अडकून पडली आहे. एका गटाने नाना फडणविसांच्या बदनामीचा प्रश्न लावून धरला. दुसऱ्याने सत्ता आपले हस्तक कसे घडवते आणि मोडते, याचे रूपक त्यात वाचले. दोन्ही वाचनांत एक गृहीत समान आहे. दहशत नानांकडून घाशीरामाकडे आणि तेथून नगरावर, अशी वरून खाली उतरते. संहिता या गृहीताला पुरती साथ देत नाही, असे मला वाटते.

ऐतिहासिक घाशीराम सावळदास १७७७ मध्ये पुण्याचा कोतवाल झाला. बाजारभाव, रात्रीची गस्त, शहरात येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद ही कोतवालीची उघड कामे होती. मिंग सम्राटाने १४२० मध्ये खोजांच्या हाती दिलेल्या हेरखात्याची नजर मुख्यतः अधिकारी आणि दरबारी यांच्यावर असे. पुण्याची कोतवाली सामान्याच्या उंबरठ्याशी उभी होती. १७९१ च्या ऑगस्टअखेर कोंडून ठेवलेल्या तेलंगी ब्राह्मणांपैकी वीसहून अधिक जण गुदमरून मेले आणि क्षुब्ध लोकांनी घाशीरामाला दगडांनी ठेचले.

तेंडुलकरांनी या उघड कोतवालीतून परवान्याचे राज्य रचले. परंतु घाशीराम पदावर येण्याआधीच नाटकात एक गोष्ट घडून गेलेली असते : ब्राह्मण चोरपावलांनी बावनखणीकडे निघालेले आपण पाहतो. लपविण्याजोगे काही प्रत्येकापाशी आहे. हे गुपित हेच पाळतीचे भांडवल होय. परवाना मागणारा नवा असतो. ज्याच्यावर तो चालतो ती भीती जुनी असते.

हा अर्थ संवादांपेक्षा आकृतिबंधात अधिक आहे. गाणाऱ्या ब्राह्मणांची रांग कधी भिंत होते, कधी पडदा. प्रेक्षकांकडे पाठ करते आणि पाठीमागचे झाकते. रांगेतला प्रत्येक जण पाहू शकतो आणि न पाहण्याचे ठरवतो. कोथरूडमध्ये आमच्या घरी पदव्युत्तर विद्यार्थी जमतात, तेव्हा या ठिकाणी फूकोचा कैदखाना हमखास निघतो. मोह समजण्यासारखा आहे, पण त्या कैदखान्याला मध्यवर्ती मनोरा असतो. रांगेला मध्य नाही. (शिवाय ‘शिस्त आणि शिक्षा’ हा त्याचा ग्रंथ १९७५ चा, हेही विद्यार्थ्यांना सांगावे लागते.)

चोरीचा आळ आलेल्या ब्राह्मणाला तापलेला लोखंडी गोळा हाती धरावा लागतो, तो प्रसंग या दृष्टीने पुन्हा वाचावा. तेथे क्रौर्य लपवलेले नाही. ते न्यायविधीच्या रूपात चारचौघांत घडते. शेवटी जमाव घाशीराम मागतो आणि नाना हुकूम लिहून देतात. म्हणजे कोतवालाची हत्यासुद्धा परवान्यानेच होते. उत्सव जाहीर होतो, रांग पुन्हा गाऊ लागते.

नाटकाची उणीवही याच संदर्भात दिसते. घाशीरामाच्या क्रौर्यामागे अपमान आणि सूड इतके ठळक ठेवले आहेत की प्रेक्षकाला ते एका दुखावलेल्या परक्याचे कृत्य वाटू शकते. सूडाची ही सोय नसती, तर पाळतीचा प्रश्न थेट रांगेपाशी येऊन थांबला असता. प्रयोगात मात्र रांग इतकी देखणी नाचते, इतके सुरेल गाते की तिला काही विचारावे, हे प्रेक्षकाला सुचतच नाही.