कारभार, कायदा आणि कादंबरी

मराठीतल्या पहिल्या स्त्री-कादंबरीकारांची नावं आज घेतली जातात, त्यांच्या कादंबऱ्या मात्र वाचल्या जात नाहीत. काशीबाई कानिटकर म्हणजे जिद्दीने वाचायला शिकलेली बालवधू आणि विभावरी शिरूरकर म्हणजे टोपणनावाचं वादळ, एवढ्यावर आपली समीक्षा भागवते. चरित्राचं कौतुक होतं आणि कादंबरीवर ‘स्त्रियांचे प्रश्न’ असा शिक्का बसतो. मला या कादंबऱ्या घरापेक्षा सत्तेविषयीच्या वाटतात. कायदा कुणी केला, तिजोरी कुणाच्या हाती, शिक्षा कोण देतं, हे त्या विचारतात.

असं विचारण्याचं पहिलं काम कादंबरीने नव्हे, समीक्षेने केलं, ही आपल्या भाषेची खास गोष्ट. ताराबाई शिंदे यांनी 1882 साली ‘स्त्रीपुरुषतुलना’त ‘मुक्तामाला’सारख्या तेव्हाच्या लोकप्रिय कादंबऱ्यांतल्या स्त्रीचित्रणाचा खरपूस समाचार घेतला. तशी मराठी बाईने लिहिलेली कादंबरी त्याआधीच, 1873 साली आली होती: साळूबाई तांबवेकरांची ‘चंद्रप्रभाविरहवर्णन’. पण तिने जुनाच अद्भुतरम्य साचा वापरला. ताराबाईंनी दाखवलेली उणीव भरून काढायला काशीबाईंची वाट पाहावी लागली.

काशीबाईंचा जन्म 1861चा. त्यांची ‘रंगराव’ मासिकातून क्रमशः येऊन 1903 साली पुस्तकरूपात निघाली. सुधारकी घरांचं वातावरण तिच्यात आहे. मात्र ती कादंबरीकार हरिभाऊ आपट्यांच्या सावलीतून पुरती बाहेर येत नाही. ‘पालखीचा गोंडा’ (1928) मात्र सर्वस्वी काशीबाईंची. मतिमंद संस्थानिकाशी लग्न लावून दिलेली रेवती स्वतःच्या दुःखाला कवटाळून बसत नाही, संस्थानचा कारभार हाती घेते. मुलींचं शिक्षण, बायकांना कमाईची साधनं, कारभारात त्यांना जागा, अशी ती राज्याची घडीच नव्याने बसवते.

काशीबाईंनी संस्थानच का निवडलं असावं? खालसा मुलखात, म्हणजे थेट इंग्रजी अमलात, शेवटचा शब्द गोऱ्यांचा; तिथे देशी पुरुषालाही राज्य चालवता येत नव्हतं, मग बाईची काय कथा. कल्पनेतही बाईच्या हाती शिक्कामोर्तब द्यायचं तर इंग्रजांच्या हद्दीबाहेर जावं लागत होतं. बंगालच्या रुकैया सखावत हुसेन यांनी 1905 साली ‘सुलतानाज ड्रीम’मध्ये स्वप्नाचा आधार घेतला आणि पुरुषांनाच पडद्याआड बसवलं. काशीबाई अशी उलटापालट करत नाहीत. त्यांना अंमलबजावणीत रस आहे. त्यामुळे कादंबरी अधूनमधून अहवालासारखी वाटते, पात्रं व्याख्यानं देऊ लागतात, हा दोष मान्य करायलाच हवा. तरीही राज्यकारभाराचा असा तपशीलवार विचार करणारी नायिका त्या काळच्या मराठी कादंबरीत मला दुसरी दिसत नाही.

विभावरी शिरूरकर, म्हणजे बाळूताई खरे, पुढे मालतीबाई बेडेकर. 1933च्या ‘कळ्यांचे निःश्वास’ने गदारोळ उडाला, तो त्यातल्या अविवाहित सुशिक्षित मुलींच्या इच्छांमुळे. त्या कथांमधलं हिशेबाचं सूत्र गदारोळात दिसेनासं झालं: मिळवत्या मुलीच्या पगारावर घर चालू लागलं की तिच्या लग्नाची घाई कुणालाच उरत नाही. मी कोपरखैरण्यात राहते. तुर्भ्याच्या बाजारात ओझी वाहणाऱ्या माथाडी कामगारांच्या मुली इथून सकाळी लोकलने कामाला निघतात. घराचा हप्ता, धाकट्या भावाची फी त्यांच्या पगारातून जाते. त्यांच्यासमोर या कथा ठेवल्या तर एकही तळटीप लागणार नाही.

विभावरींच्याच ‘हिंदोळ्यावर’ (1934)मधली अचला नवऱ्याने टाकलेली, शिकलेली, स्वतः कमावणारी. तिला विरागबरोबर राहायचंय, मूल हवंय. कादंबरी मनाच्या घालमेलीत फार रेंगाळते, संवादही कृत्रिम होतात. पण अचलाची कोंडी कायद्याने घातलेली आहे. बडोदा संस्थानात हिंदू घटस्फोटाचा कायदा 1931 साली झाला. मुंबई प्रांतात तो 1947 साली आला. या अंतरात अडकलेल्या बाईची ही कथा आहे, आणि तशी ती वाचली की तिचं हळवेपणही वेगळं दिसतं.

विभावरींची सर्वांत समर्थ कादंबरी ‘बळी’ (1950). सोलापूरच्या गुन्हेगार जमाती वसाहतीत त्यांनी स्वतः काम केलं होतं. गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या मांगगारुड्यांचं तारेच्या कुंपणाआडचं जगणं, हजेरी, संशय, आणि सुधारणेच्या नावाखाली चाललेला जाच इथे कुठलाही हळवेपणा न आणता येतो. हा कायदा देशभर रद्द झाला 1952 साली, कादंबरी आली त्याआधी. एवढं असूनही ‘बळी’ आपण ‘स्त्रीवादी’ यादीत घेत नाही, कारण तिच्या केंद्रस्थानी बाई नाही. यादी करणाऱ्यांची ही मोठी चूक आहे.

‘निखळलेली हिरकणी’ (1936) लिहिणाऱ्या गीता साने तर यादीच्या तळाशीही क्वचित सापडतात. आणि हेही सांगायला हवं की ही सगळी परंपरा मुख्यतः शिकलेल्या सवर्ण घरांतली. ‘बळी’नेही कुंपणाआडच्या माणसांकडे पाहिलं ते बाहेरून. दलित स्त्रीने स्वतःच्या शब्दांत सांगितलेलं जगणं पुस्तकरूपात यायला बेबी कांबळे आणि शांताबाई कांबळे यांच्यासारख्यांच्या आत्मकथनांपर्यंत, 1980च्या दशकापर्यंत, थांबावं लागलं.

प्रकाशकांनी ‘पालखीचा गोंडा’ आणि ‘हिंदोळ्यावर’ चांगल्या प्रस्तावनांसह बाजारात सतत उपलब्ध ठेवाव्यात, विद्यापीठांनी त्या चरित्राचं शेपूट म्हणून न लावता कादंबरी म्हणून शिकवाव्यात. वाचकांना माझी विनंती एवढीच: आपल्या भागातल्या ग्रंथालयात जाऊन ‘बळी’ मागा, आणि नसेल तर ती घ्यायला लावा.